आंबागडचा दगड आणि पिसदुऱ्याचे धान

दहावीच्या वर्गात दरवर्षी तोच प्रश्न येतो, आणि जवळजवळ त्याच शब्दांत येतो. "मिस, क्या हम बंदर की औलाद हैं?" विचारणारा बहुधा मागच्या बाकावरचा असतो, वर्ग खो खो हसतो आणि मग सगळे एकदम गप्प होऊन माझ्या तोंडाकडे पाहतात. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते. २०१८ साली आलेल्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात पहिलाच पाठ आनुवंशिकता व उत्क्रांतीचा आहे. आमच्या उर्दू पुस्तकात उत्क्रांतीला 'इर्तिका' म्हणतात. दिल्लीच्या एनसीईआरटीने २०२३ साली दहावीच्या आपल्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला, तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये काहींना हायसे वाटले होते. पण आमच्या राज्याच्या पुस्तकातला पाठ जागेवरच राहिला, आणि तो मलाच शिकवायचा होता.

एका वर्षी हा पाठ सुरू झाल्यावर एका विद्यार्थ्याचे वालिद भेटायला आले. भला माणूस. दोन एकर धानाची शेती, उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचे काम, आणि मुलाने शिकावे ही एकच हाव. आवाज न चढवता ते म्हणाले, "मॅडम, परीक्षेपुरतं शिकवा. मनापासून नका शिकवू." भांडायला आले असते तर मी उत्तर दिले असते. या वाक्याला मात्र मला उत्तर सुचले नाही. बी.एड.च्या दोन वर्षांत पाठ टाचण, उद्दिष्टे, मूल्यमापन सगळे शिकवले गेले, पण मनापासून न शिकवता कसे शिकवायचे हे कुणी शिकवले नव्हते. म्हणून मी ठरवले की माकडापासून सुरुवातच करायची नाही. जे आपल्या पायाखाली आहे तेथून सुरुवात करायची. त्या हिवाळ्यात वर्गाला घेऊन मी आंबागडला गेले.

वाचकांपैकी बऱ्याच जणांनी आंबागड पाहिला नसेल. तुमसर तालुक्यात, सातपुड्याच्या शेवटच्या टेकड्यांमध्ये हा किल्ला आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याचा सुभेदार राजा खान पठाण याने इ.स. १७०० च्या सुमारास तो बांधला असे गॅझेटियर सांगते. बख्त बुलंद हा औरंगजेबाच्या दरबारी जाऊन इस्लाम स्वीकारलेला गोंड राजा. नागपूर शहराची पायाभरणी १७०२ साली त्यानेच केली. पुढे आंबागड नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि त्याचा तुरुंग झाला. कैद्यांना तेथल्या विहिरीचे कुजके पाणी पाजत आणि ते त्यानेच मरत, अशी आठवण या भागात अजून सांगतात. मुलांना ही गोष्ट फार आवडली. विहिरीत डोकावण्यासाठी रेटारेटी झाली आणि मला ओरडावे लागले.

पण मी त्यांना किल्ल्याच्या इतिहासासाठी आणले नव्हते, तर ज्या दगडावर किल्ला उभा आहे त्या दगडासाठी आणले होते. या टेकड्यांचे खडक भूशास्त्रज्ञ 'सौसर' गटात घालतात. छिंदवाडा जिल्ह्यातल्या सौसर गावावरून ते नाव आले. कधीकाळी पाण्याच्या तळाशी साचलेला गाळ जमिनीच्या पोटात दाबला गेला, तापला, वळला आणि त्याचे हे चकाकणारे कठीण दगड झाले. वय सुमारे शंभर कोटी वर्षे किंवा त्याहूनही अधिक. याच पट्ट्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. (खुर्द आणि बुजुर्ग हे फारसी शब्द महसुलाच्या दप्तरांतून आपल्या गावांच्या नावांना असे चिकटले की आता ते कुणाला परके वाटत नाहीत.) या खडकाच्या एका प्रकाराला लुईस लेह फर्मर या भूशास्त्रज्ञाने 'गोंडाइट' हे नाव दिले, येथल्या गोंडांवरून. १९०९ साली त्याने हिंदुस्थानातल्या मँगनीजवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हापासून जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत हा शब्द आहे.

मुलांना मी सांगितले, या दगडात हाड शोधा, पान शोधा, शिंपला शोधा. अर्धा तास शोधून कुणाला काहीच मिळाले नाही आणि मिळणारही नव्हते. पाठीचा कणा असलेला पहिला प्राणी, म्हणजे मासळीचा कुणी दूरचा पूर्वज, सुमारे बावन्न कोटी वर्षांपूर्वीचा. जमिनीवर उगवलेली पहिली वनस्पती सुमारे सत्तेचाळीस कोटी वर्षांपूर्वीची. आंबागडचा दगड घडला तेव्हा जमिनीवर गवताची काडी नव्हती, समुद्रात मासा नव्हता. जे होते ते डोळ्यांना न दिसणारे होते. इतिहासाच्या तासाला आपण राजा खानापासून मोजतो आणि त्याला सव्वातीनशे वर्षे झाली म्हणून जुना म्हणतो. त्याच्या तटबंदीचा एक एक दगड मात्र प्राण्यांच्या सगळ्या इतिहासापेक्षा जुना.

मग हाडे आणि पाने कोठे आहेत? त्यासाठी आंबागडहून नैर्ऋत्येला, नागपूर, वर्धा, चंद्रपूरकडे जावे लागते. आणि या मुलखात ती पहिल्यांदा गोळा करणारा माणूस एक पाद्री होता, हे मला त्या वालिदांना मुद्दाम सांगायचे होते.

स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटलंडच्या चर्चचा मिशनरी. १८४५ च्या सुमारास तो नागपुरात आला. त्याच्या नावाचे कॉलेज नागपुरात आहे. धर्मप्रचार हे त्याचे काम, पण फिरताना त्याचे लक्ष दगडांकडे असे. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्याबरोबर त्याने नागपूरजवळ टाकळी येथे काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये अडकलेला गाळाचा एक पातळ थर शोधला. काळा दगड म्हणजे ज्वालामुखीचा लाव्हा. लाव्हाचा एक लोंढा येऊन थंड झाला, त्यावर तळे झाले, तळ्यात गोगलगाई, मासे, काठावर झाडे. मग दुसरा लोंढा आला आणि सगळे झाकून गेला. या गाळात हिस्लॉपला शंख, माशांचे खवले, फळे आणि बिया सापडल्या. १८५५ साली दोघांनी लंडनच्या नियतकालिकात नागपूर परिसराच्या भूगर्भावर लेख प्रसिद्ध केला. वर्धेच्या खोऱ्यातल्या मांगलीहून मिळालेली एक चपटी, रुंद कवटी लंडनला गेली. रिचर्ड ओवेनने १८५५ मध्ये तिचे नाव ठेवले 'ब्रॅकिऑप्स'. 'डायनोसॉर' हा शब्द १८४२ साली ज्याने घडवला तोच हा ओवेन. ब्रॅकिऑप्स बेडकासारखा उभयचर होता, सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वीचा. आपल्या मुलखातल्या पाठीच्या कण्याच्या सर्वांत जुन्या रहिवाशांपैकी तो एक.

डार्विनचा ग्रंथ १८५९ साली आला, त्यानंतर हिस्लॉप चार वर्षे जगला. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाट येथे जुनी शिळावर्तुळे पाहून घोड्यावरून परतताना पूर आलेल्या नाल्यात तो वाहून गेला. गोंडांविषयीची त्याची टिपणे त्याच्या मागे रिचर्ड टेंपलने १८६६ साली छापली. दगड वेचल्याने त्याची श्रद्धा गेली असे दिसत नाही.

कामठी आणि सिलेवाड्याच्या वालुकाश्मात हिस्लॉपला पानांचे ठसे मिळाले. लांबट, जिभेच्या आकाराचे पान, मधोमध शीर आणि तिच्यापासून जाळीसारख्या निघालेल्या बारीक शिरा. याचे नाव 'ग्लॉसोप्टेरिस', म्हणजे जीभ-नेचे. प्रत्यक्षात ते नेचे नव्हतेच, बिया देणारे झाड होते. ही झाडे पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वी दलदलीत वाढली, पडली, दबली आणि कोळसा झाली. उमरेडचा कोळसा, वर्धा खोऱ्याचा कोळसा त्यांचाच. कोराडी, खापरखेड्याची वीज आपण वापरतो तेव्हा त्या जंगलांत साठलेले ऊन जाळत असतो.

गंमत पुढे आहे. हेच पान ऑस्ट्रेलियात, दक्षिण आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेतही सापडले. १९१२ साली दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्याचे सोबती बर्फात गोठून मेले. त्यांची प्रेते मिळाली तेव्हा स्लेजवर सुमारे सोळा किलो दगड होते. मरणाच्या दारातही त्यांनी ते टाकले नव्हते. त्या दगडांत ग्लॉसोप्टेरिसचे पान होते. मध्ये महासागर आणि झाड मात्र एकच, ते कसे? तर हे सगळे भूखंड तेव्हा एकमेकांना जोडलेले होते. या जोडलेल्या खंडाला नाव काय द्यायचे? हेन्री मेडलिकॉट या भूशास्त्रज्ञाने नर्मदेच्या बाजूच्या या कोळसाधारी थरांना १८७२ साली 'गोंडवाना' म्हटले होते. फाइस्टमान्टेलने ते १८७६ साली छापात आणले आणि १८८५ मध्ये व्हिएन्नाच्या एडुआर्ड झ्यूसने ते संपूर्ण दक्षिणेकडच्या प्राचीन खंडाला दिले. मुघलकालीन फारसी तवारिखांत अबुल फज्लने गोंडांच्या मुलखासाठी जो शब्द वापरला, तोच आज अंटार्क्टिकाच्या नकाशांवर आहे. बख्त बुलंदला किंवा राजा खानाला हे सांगितले असते तर त्यांनी विश्वास ठेवला नसता. आंबागडच्या तटावर बसून मी हे सांगितले, तेव्हा माझ्या वर्गातल्या एका गोंड मुलीने (हो, उर्दू शाळेतही एखादी असते) वहीत मोठ्या अक्षरात 'गोंडवाना' लिहून चौकट काढली.

आता धानाकडे येते, कारण भंडाऱ्याच्या माणसाशी दुसऱ्या कशाविषयी बोलून उपयोग नाही.

चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचे गाव आहे. तेथल्या शेतांत डायनोसॉरची हाडे मिळतात हे हिस्लॉपच्या काळापासून माहीत आहे. जवळच्याच डोंगरगावला १९८० च्या दशकात धनंजय मोहबे यांना एका प्रचंड शाकाहारी डायनोसॉरचा सांगाडा मिळाला. त्याचे वर्णन १९९७ साली प्रसिद्ध झाले आणि २००३ पासून त्याला 'आयसिसॉरस' म्हणतात. पिसदुऱ्याला हाडांबरोबर आणखी एक वस्तू मिळते, ती म्हणजे दगड झालेले शेण. इंग्रज संशोधक मॅटली याने १९३९ साली या शेणावर स्वतंत्र लेख लिहिला होता. मुलांना हे सांगितले की वर्गात जो गोंधळ होतो तो लिहिण्यासारखा नाही. पण शेतकऱ्याच्या मुलाला शेणाची किंमत कळते. जनावराने काय खाल्ले हे त्याच्या हाडांपेक्षा त्याचे शेण जास्त खरे सांगते.

२००५ साली लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद, स्वीडनमध्ये काम करणाऱ्या कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि प्रा. अशोक साहनी या चौघांनी पिसदुऱ्याच्या शेणाचा अभ्यास 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. शेण विरघळवून त्यांनी त्यातले वाळूसारखे कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. हे कण म्हणजे काय ते समजून घेतले पाहिजे. गवत जमिनीतल्या पाण्याबरोबर विरघळलेली सिलिका, म्हणजे काचेचेच द्रव्य, शोषून घेते आणि आपल्या पेशींत साठवते. धानाच्या पात्याने बोट कापते, विळ्याची धार लवकर जाते, गुरांचे दात झिजतात, ते यामुळे. पाते कुजते, पण पेशीच्या आकाराचा काचेचा कण कुजत नाही. प्रत्येक गटाच्या गवताच्या कणाचा आकार वेगळा असतो. कुणाचा डमरूसारखा, कुणाचा खोगिरासारखा. तो ओळखता आला की कोट्यवधी वर्षांनंतरही गवताचे कूळ सांगता येते.

त्या शेणात निदान पाच प्रकारच्या गवतांचे कण मिळाले. तोपर्यंतची समजूत अशी की गवत हे डायनोसॉर संपल्यानंतरचे. पुस्तकांतल्या चित्रांत डायनोसॉरच्या पायाखाली गवत काढले तर ती चूक मानली जाई. पिसदुऱ्याच्या शेणाने सहासष्ट-सदुसष्ट कोटी नव्हे (हा शून्याचा घोटाळा माझी मुले नेहमी करतात), सहा कोटी साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी येथे गवत होते आणि डायनोसॉर ते खात होते हे दाखवले. अर्थात त्यांच्या पोटात गवत थोडे होते आणि बाकीचा झाडपाला जास्त. त्यानंतर २०११ साली वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी बारकाईने पाहिले, तेव्हा त्यातले काही कण धानाच्या कुळातल्या गवताचे निघाले.

येथे मला थांबून एक गोष्ट स्पष्ट करावी लागते, कारण ही बातमी सांगितल्यावर गावात लगेच 'डायनोसॉर चिन्नोर खात होता' असा प्रवाद पसरतो. तसे नाही. आपण बांधीत रोवतो तो धान माणसाने गेल्या नऊ-दहा हजार वर्षांत रानधानातून निवडून, पेरून घडवला. दाणा पिकल्यावर गळून न पडणारे रोप, मोठ्या दाण्याचे रोप, असे बायाबापड्यांनी पिढ्यान् पिढ्या वेचून ठेवले. ही निवडही उत्क्रांतीच आहे, फक्त निवडणारा हात माणसाचा. पिसदुऱ्याचे गवत त्या धानाचा फार दूरचा आप्त, सख्खा आजोबा नव्हे. पण कूळ तेच. माझ्या विद्यार्थ्यांनी हेच लक्षात ठेवावे असे मला वाटते. 'बंदर की औलाद' या वाक्यात जी चूक आहे तीच येथे आहे. आजचे माकड आपले बाप नाही. आपण आणि ते एका फार जुन्या घरातून वेगळे निघालेले, जसे चिन्नोर आणि पिसदुऱ्याचे गवत.

त्या वेळी भारत हे समुद्रात एकटे सरकत चाललेले बेट होते. मादागास्करपासून सुटलेले, आशियाला अजून न टेकलेले. त्याच सुमारास दख्खनचा लाव्हा वाहत होता. आंबागडहून फार दूर नसलेल्या छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगाव कलान येथे लाव्हाच्या थरांमध्ये दगड झालेली फळे आणि लाकडे मिळतात. प्रा. बिरबल साहनींनी त्यांचा अभ्यास केला. तेथे 'निपा' या ताडाची फळे मिळाली आहेत, आणि निपा आज खाडीच्या खाऱ्या चिखलात वाढतो. म्हणजे छिंदवाड्यापर्यंत कधीकाळी समुद्राची जीभ आली असावी. अल् बिरूनीने सुमारे हजार वर्षांपूर्वी आपल्या 'किताबुल हिंद'मध्ये नदीकाठच्या गोट्यांचा लहान होत जाणारा आकार पाहून लिहून ठेवले होते की हिंदुस्थानचे हे मैदान एकेकाळी समुद्र असावा, नद्यांच्या गाळाने भरलेला. तो गंगेच्या मैदानाविषयी बोलत होता, छिंदवाड्याविषयी नव्हे. पण पाहण्याची रीत तीच.

यावरून आठवले. आमच्याकडे इर्तिकाचा विषय निघाला की दोन प्रकारचे लोक भेटतात. एक म्हणतात, हे सगळे कुफ्र आहे. दुसरे म्हणतात, हे सगळे आपल्याच लोकांनी आधी सांगितले होते, डार्विनने चोरले. मला दुसऱ्यांचा त्रास पहिल्यांपेक्षा कमी होत नाही. बसऱ्याच्या अल् जाहिजने नवव्या शतकात 'किताबुल हयवान' लिहिले. प्राणी एकमेकांना खाऊन कसे जगतात, परिसराचा त्यांच्यावर कसा परिणाम होतो, हे त्याने पाहून लिहिले. इब्न खल्दूनने 'मुकद्दिमा'त खनिजापासून वनस्पती, वनस्पतीपासून प्राणी आणि त्यापुढे माणूस अशी पायऱ्यांची माळ सांगितली. हे वाचताना अभिमान वाटतो, वाटलाच पाहिजे. पण नैसर्गिक निवड ही कल्पना, पुराव्यांसह, त्यांच्याकडे नव्हती. त्यांचा मोठेपणा त्यांच्याकडे नसलेल्या गोष्टी त्यांच्या खिशात कोंबल्याने वाढत नाही. जहांगीर बादशहाने पाळलेल्या सारसांच्या जोडीला लैला-मजनू नाव दिले, आणि ती अंडी केव्हा घालतात, किती दिवस उबवतात हे रोजनिशीत लिहून ठेवले. डॉ. सालिम अली यांनी मुघल बादशहांच्या या निसर्गनिरीक्षणावर १९२० च्या दशकात लेखमाला लिहिली. त्या बादशहाने दिवस मोजले, हेच मला पुरे आहे. तो सारस आज महाराष्ट्रात जवळपास फक्त गोंदिया-भंडाऱ्याच्या बांध्या आणि तलावांच्या काठीच उरला आहे. पक्षी हे डायनोसॉरांच्याच एका शाखेचे वारस असे आता शास्त्रज्ञ मानतात. तेव्हा पिसदुऱ्याला जे संपले ते पुरते संपले नाही. रोवणीच्या दिवसांत बांधीत पाय मोजत चालणारे ते उंच पाखरू त्याच घराण्यातले आहे.

विषाणूंचे मात्र दगडात काही सापडत नाही. ना हाड, ना काच. तरी त्यांचा इतिहास आहे, आणि आपल्या भागात तो फार जवळचा आहे.

विषाणूचा शोध एका रोपावर लागला, तेही तंबाखूच्या. १८९२ साली रशियाच्या इवानोव्स्कीने तंबाखूच्या रोगट पानांचा रस जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळला, तरी तो रस रोग देतच राहिला. १८९८ मध्ये हॉलंडच्या बायरिंकने सांगितले की हे जिवाणूपेक्षा वेगळेच काही आहे. माझ्या नानी आयुष्यभर विड्या वळत. त्यांच्या सुपातल्या त्या तंबाखूच्या पानाने विज्ञानाला एक नवे जग दाखवले, हे त्यांना कळले असते तर त्या म्हणाल्या असत्या, मजुरी वाढेल का सांग.

मी कॉलेजात असताना, २००७ च्या पावसाळ्यात, आमच्या ओळखीच्या एका घरातले चार वर्षांचे मूल रात्री तापले, पहाटे झटके आले आणि दुपारपर्यंत गेले. 'मेंदूज्वर' एवढेच सगळे म्हणत. त्या मुलाला नेमके काय झाले होते ते कुणी तपासले नाही. पण त्याच जून ते सप्टेंबरमध्ये नागपूर विभागात मेंदूज्वराचे ७८ रुग्ण नोंदले गेले, त्यांतले चाळीस टक्क्यांहून अधिक दगावले, आणि तपासणीत चांदीपुरा विषाणू निघाला हे मी नंतर वाचले. चांदीपुरा हे नागपूरकडचे गाव. १९६५ साली तापाच्या दोन रुग्णांच्या रक्तातून पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने हा विषाणू वेगळा केला, भट्ट आणि रॉड्रिग्ज यांनी १९६७ साली त्याचे वर्णन छापले आणि गावाचे नाव त्याला कायमचे लागले. गोंडांच्या वाट्याला खंड आला, चांदीपुऱ्याच्या वाट्याला ताप. तो पसरवते मातीच्या भिंतींच्या भेगांत राहणारी बारीक वाळूमाशी. २००३ साली आंध्र प्रदेशात त्याने १८३ मुले नेली. २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातेत तो पुन्हा उसळला. बळी बहुतांशी लहान मुले, आणि खास औषध किंवा लस नाही. झोपताना मच्छरदाणी, भिंतींच्या भेगा लिंपणे आणि ताप-झटके दिसताच वेळ न घालवता दवाखाना, एवढेच आपल्या हाती.

हा विषाणू बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा. पिसाळलेल्या कुत्र्याचा रेबीज विषाणू त्याच कुटुंबातला. माशांना मारणारे विषाणू त्याच कुटुंबात आहेत. आणि धानाला पिवळे पाडून खुजे करणारा एक विषाणूही त्याच कुटुंबातला, तो तुडतुड्यांमार्फत पसरतो. मूल, कुत्रा, मासा, धान! या चौघांच्या दारी एकाच घराण्याची माणसे कशी पोचली? बऱ्याच संशोधकांचे मत असे की हे घराणे मुळात कीटकांमध्ये वाढले, आणि जो कीटक ज्याचा रस किंवा रक्त पिई त्याच्यात ते शिरले. वाळूमाशीमुळे माणसात, तुडतुड्यामुळे धानात. विषाणू स्वतःची नक्कल करताना चुका करतो. बहुतेक चुका त्याला मारक ठरतात, एखादी नव्या घराची किल्ली ठरते. २०२० आणि २०२१ मध्ये आपण सगळ्यांनी घरात बसून हे पाहिले. अल्फा, डेल्टा, ओमिक्रॉन ही नावे आमच्या मोहल्ल्यातल्या खालांच्याही तोंडी होती. डोळ्यांसमोर, महिन्यांच्या हिशेबाने, इर्तिका चालू होता. त्याला कुणी कुफ्र म्हटले नाही, कारण त्या वेळी ऑक्सिजनचे सिलिंडर शोधायचे होते.

विषाणू केवळ वैरी नाहीत, हेही सांगितले पाहिजे. माणसाच्या जनुकसाठ्याचा सुमारे आठ टक्के भाग कधीकाळी आपल्या पूर्वजांत शिरून राहिलेल्या विषाणूंचा आहे. त्यातल्या एका जुन्या विषाणूचे जनुक आईच्या गर्भात वार तयार होताना कामी येते. म्हणजे वैऱ्याच्या हत्याराने आपली मुले पोसली जातात.

त्या वालिदांचे काय झाले ते सांगून थांबते. पाठ संपल्यावर मी मुलांना धानाची तणस जाळून पांढरी राख होईपर्यंत तापवायला सांगितली होती. राखेत पिसदुऱ्यासारखे काचेचे कण मिळतात का ते पाहायचे होते. त्यांचा मुलगा तणस घेऊन आला, आणि पेंढी जड म्हणून सायकलवर तेही सोबत आले. शाळेतला सूक्ष्मदर्शक जुना, त्याचे एक भिंग बुरशीने धूसर झालेले. राखेचा कण पाण्याच्या थेंबात ठेवून आम्ही पाहिले. आधी नुसता काळा कचरा. मग मुलाने काच थोडी सरकवली आणि एका रांगेत, माळेत ओवल्यासारखे, इवलेसे डमरू दिसले.

वालिद बराच वेळ एक डोळा मिटून पाहत राहिले. मग मान वर न करता म्हणाले, "मॅडम, ही राख कापल्या तणसाची आहे. बांधातल्या रानधानाची आणली तर वेगळी दिसेल का?"

मी म्हटले, आणून पाहू.